बॉम्बविरोधी सायकलफेरी: नीरा ते भिगवण, मुक्काम निरवांगी

बारामती-इंदापूर भागात सायकलवर फिरायचं असेल तर जानेवारीत जावं. हवा कोरडी असते, ऊन सोसवतं, रस्ते बहुतेक सपाट आहेत. त्रास एकच, उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. ते रस्ता देत नाहीत, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नये.

आम्ही गेलो ते १९९९च्या जानेवारीत, पण हवेसाठी गेलो नव्हतो. आदल्या मे महिन्यात पोखरणला अणुस्फोट झाले होते. पुण्यात आमच्या गल्लीत फटाके वाजले, पेढे वाटले गेले. आमचा पाचसहा जणांचा एक गट होता. त्याने असं ठरवलं की हे काही बरं नाही, आणि लोकांना ते जाऊन सांगायला हवं. पुण्यातल्या लोकांना सांगून झालं होतं. त्यांनी ऐकून घेतलं नव्हतं, म्हणून खेड्यात जायचं ठरलं.

निघायची वेळ आली तेव्हा पाचसहाचे तिघे उरले. एक देशपांडे सर, भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, वय बासष्ट, चाळीस मिनिटांच्या आत एकही वाक्य न संपवणारे. दुसरा श्रीकांत, वय सत्तावीस, गळ्यात डफ आणि स्वतःची गाणी. तिसरी मी. मी सरांच्याच कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळत होते. सर आणि श्रीकांत दिवाळीपासून एकमेकांशी बोलत नव्हते. कार्यक्रमात आधी गाणी की आधी स्लाइड्स, यावरून वाजलं होतं. त्यामुळे शांततेचा संदेश घेऊन निघालेल्या तीन माणसांत दोघांचा अबोला होता, आणि तिसरं माणूस हातभर अंतरावरून निरोप पोचवत होतं.

सायकलफेरीची सुरुवात आम्ही एसटीने केली. दिवेघाट सायकलवर चढायला सरांच्या गुडघ्यांची परवानगी नव्हती. स्वारगेटला तिन्ही सायकली टपावर चढवल्या. तिकिटाचा आकडा आता आठवत नाही, पण कंडक्टरशी सायकलींच्या भाड्यावरून झालेला वाद आठवतो, तो सासवडपर्यंत चालला. जेजुरीला चहा घेतला, दोन रुपयांना आणि दोन घोटांचा. दुपारी नीरेला उतरलो आणि कालव्याच्या कडेकडेने वडगाव निंबाळकरला निघालो. या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ऊस आहे. मागे ऊस, पुढे ऊस. सरांच्या कॅरियरवर सतरंजीत गुंडाळलेला स्लाइड प्रोजेक्टर होता. प्रत्येक खड्ड्यात तो आपलं मत मांडत होता.

वडगावच्या वेशीवर हलगी वाजत होती. आम्हाला वाटलं लग्न आहे. जवळ गेल्यावर कळलं की आमच्याचसाठी आहे. तिथल्या एका तरुण मंडळाचे अध्यक्ष बाळासाहेब हार घेऊन पुढे आले आणि त्यांनी पहिला हार सरांच्या गळ्यात घातला.

"पुण्यास्नं भौतिकशास्त्राचं प्राध्यापक येनार, अणुबॉम्बवर बोलनार, आसं तुमचं पत्र आलं," ते म्हणाले. "आमी समद्या गावात सांगितलं. बॉम्ब बनिवणारं साहेब सोता आपल्या गावात येत्यात."

माणसाने चूक करावी तर अशी, की तिच्यात काही खोट काढता येत नाही. पत्रात विषय लिहिला होता, बाजू लिहिली नव्हती. ते पत्र माझ्याच हातचं होतं. सर बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात एका आजीबाईंनी त्यात पेढा घातला. पेढा तोंडात असताना सरांना खुलासा करता येईना, आणि पेढा संपेपर्यंत आम्ही पारावर पोचलो होतो.

संध्याकाळी दिवे गेले. त्यामुळे स्लाइड्स दाखवता आल्या नाहीत. सर कंदिलाच्या उजेडात किरणोत्सारावर बोलले. हे सगळं किती भयंकर आहे ते त्यांनी तपशिलात सांगितलं, आणि जितकं भयंकर सांगितलं तितक्या टाळ्या पडल्या. आपण केवढी मोठी गोष्ट बनवली आहे, असाच त्याचा अर्थ लोकांनी घेतला. श्रीकांतच्या युद्धविरोधी गाण्याला वन्समोअर मिळाला. शेवटी आमच्या बॉम्बविरोधी निवेदनावर, कुणी न वाचता, सह्या झाल्या. रांग लावून झाल्या. गटाच्या आयुष्यात इतक्या सह्या आम्हाला कधी मिळाल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी बारामतीच्या रस्त्याला लागल्यावर श्रीकांत मला म्हणाला, "सरांना सांग, तो पेढा थुंकायला हवा होता."

सर पुढच्याच सायकलवर होते. ते मागे न बघता म्हणाले, "त्याला सांग, म्हाताऱ्या बाईच्या हातचा पेढा थुंकून शांतता येत नसते." मी दोघांनाही काही सांगितलं नाही. दोघांनाही ऐकू आलं होतं.

बारामतीत स्टँडजवळच्या लॉजमध्ये उतरलो. चादरी स्वच्छ, पाणी सकाळी तासभर. मिसळ झणझणीत मिळते, सरांना झेपली नाही. संध्याकाळी एका वाचनालयात कार्यक्रम झाला. तिथे वीज होती, प्रोजेक्टरही चालला, आणि नऊ माणसं होती. त्यातले दोघे वर्तमानपत्र वाचायला आले होते. तिथल्या ग्रंथपालांनी आम्हाला एक चिठ्ठी दिली: निरवांगीत मेजरकडे उतरा.

निरवांगी बारामतीहून सायकलवर चांगला अर्धा दिवस आहे. पोचेपर्यंत प्रोजेक्टरचा दिवा फुटला होता. मेजरचं घर विचारलं तर पहिल्याच माणसाने दाखवलं. या भागात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, मग तो कुठल्याही हुद्द्यावर निवृत्त झालेला असो. आमचे मेजर ‘नाईक’ या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते. नाव सोपान, वय पंचेचाळीसच्या आसपास, उंच, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. घराणं मेंढपाळांचं. आता दोन एकर ऊस, एक म्हैस आणि दारात मेंढरांचा जुना वाडा, त्यात कडबा भरलेला.

पाहुणे आले म्हणून मटण केलं होतं. सर आणि मी खात नाही म्हटल्यावर मेजरच्या बायकोने, वहिनींनी, पटकन पिठलं टाकलं. श्रीकांत खुशीत मटणाच्या पंक्तीला बसला. मेजर मात्र आमच्या बाजूला येऊन बसले आणि त्यांनी पिठलं वाढून घेतलं.

सरांना सवय आहे चौकशीची. "माळ घातलीय का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"न्हाय," मेजर म्हणाले. "मटण सोडलंय, एवढंच."

मेंढपाळाच्या घरात माळ न घालता मटण सोडलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. वहिनी भाकरी थापत होत्या, त्यांचा हात जरा थांबला आणि परत चालू झाला.

दुपारी म्हशीला पाणी दाखवताना वहिनींनी मला बाजूला घेतलं. दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी होती. शाळेत झेंडा झाला की मेजरचं भाषण असतं. फौजेत असताना त्यांनी घरी एक पत्र धाडलं होतं. धुक्यात माझ्या गोळीने एक गडी पडला, एवढंच त्यात होतं. त्यांच्या वडिलांना वाचता येत नव्हतं, म्हणून ते पत्र चावडीवर वाचलं गेलं. सुट्टीवर येईपर्यंत एकाचे तीन झाले होते. आता अकरा आहेत. दरवर्षी मेजरना उभं करतात, मुलं ओरडतात, किती मारले ते सांगा, आणि मेजर मान हलवतात.

"भाषण झालं की चार-चार दिस जेवत न्हाईत," वहिनी म्हणाल्या. "उसात जाऊन बसत्यात. आणि दुसरं म्हंजी मेंढराजवळ जात न्हाईत."

हे दुसरं मला नीट कळलं नाही, तेव्हा त्यांनी रीत सांगितली. त्यांच्या भावकीत मेंढरं राखणारा माणूस वाटेत कुठे मेला तर त्याची मेंढरं बेवारस राहू देत नाहीत. जो जवळ असेल तो ती सांभाळतो, घरी पोचवतो, आणि मग त्याचं पोरगं मोठं होईपर्यंत भावकीतला प्रत्येक जण पाळीपाळीने आठ-आठ दिवस ती चारतो. गावात ठकूबाई नावाच्या विधवेची पंचवीसेक मेंढरं अशी चालू होती. मेजरची पाळी आली की ते चुलतभावाला पाठवत आणि त्याच्या बदल्यात त्याच्या शेताला पाणी देत. दहा वर्षं झाली. लोक म्हणत, फौजी झाला, आता मेंढरांचा वास येतो त्याला.

"ताई, तुमी उद्या लौकर निगा आणि ह्यास्नी संगट न्या," त्या म्हणाल्या. "वाट दावायला म्हनून. झेंडा टळंल यंदा तरी. माजं एवढं काम करा."

मी हो म्हटलं. तीन दिवसांत कुणीतरी आमच्याकडे पहिल्यांदाच असं काही मागितलं होतं जे आम्हाला करता येण्यासारखं होतं.

संध्याकाळी ओट्यावर बसलो. मेजरचे चुलते धोंडिबा आबा आले होते. ऐंशीच्या पुढचे, खांद्यावर घोंगडं, अजून मेंढरांमागे जाणारे. वडगावची गंमत इथे होऊ नये म्हणून सरांनी पहिल्यांदाच सांगून टाकलं की बॉम्ब आम्ही बनवलेला नाही, आम्ही त्याच्या विरोधात आहोत. आबांनी ते ऐकून घेतलं आणि तंबाखू मळली. दिवा फुटल्यामुळे स्लाइड नव्हत्या. सर नुसतं बोलले. विमान किती उंचावरून जातं, बॉम्ब खाली यायला किती वेळ लागतो, खाली काय होतं.

मग मेजरनी विचारलं, "टाकनाऱ्याला दिसतं का सर, खाली कोन हाय ते?"

"नाही दिसत," सर म्हणाले.

"मला बी न्हाय दिसलं," मेजर म्हणाले, आणि उठून म्हशीला वैरण टाकायला गेले. सरांनी पुढचं वाक्य सुरू केलं होतं. ते तिथेच सोडलं.

जेवणं झाल्यावर मी वहिनींचं काम करायला गेले. म्हटलं, सकाळी सातला आम्ही निघतो, निमगाव केतकीपर्यंत वाट दाखवायला येता का?

"वाट एकच हाय ताई," मेजर म्हणाले. "चुकायची म्हटली तरी चुकत न्हाय." थोड्या वेळाने म्हणाले, "तिनं सांगितलं नव्हं तुमाला?" खोटं बोलायचा मला सराव नाही. "बघू सकाळी," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

सकाळी सात वाजता मेजर दाढी करून, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, छातीवर पदकं लावून दारात उभे होते. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे दुसरी काही योजना नव्हती. आम्ही सायकली तिथेच ठेवल्या आणि त्यांच्यामागोमाग शाळेत गेलो.

झेंडा झाला, राष्ट्रगीत झालं. गुरुजींनी पुण्याच्या पाहुण्यांचं स्वागत केलं आणि मेजरना बोलवलं. पुढच्या रांगेतली मुलं आधीच कुजबुजत होती, अकरा, अकरा. मेजर माइकसमोर गेले. त्यांचा आवाज इतका हळू की गुरुजींनी उठून माइक वर केला.

"अकरा न्हाईत," ते म्हणाले. "एक हुता. आणि त्यो दुश्मन न्हवता."

मैदानात एकदम शांत झालं असं नाही. मागे बायका बोलत होत्या, त्या बोलत राहिल्या. मग हळूहळू थांबल्या.

"पहाटचं धुकं हुतं. सरहद्दीवर पहाऱ्याला हुतो. समोर झाडीत हालचाल झाली. मी दोनदा आवाज दिला. जबाब आला न्हाय. म्हनून गोळी चालिवली. धुकं हाटल्यावर गेलो तर म्हातारा हुता. शेरडं चारनारा. कानानं बहिरा आसंल, न्हायतर भाषा कळली नसंल. त्यो आपल्या बाजूचा का पल्याडचा, त्ये बी मला ठावं न्हाय. शेरडं त्याच्या भवतीनं हुबी हुती. एक बी पळालं न्हवतं." त्यांनी पुढच्या रांगेतल्या मुलांकडे पाहिलं. "दरसाल तुमी मला हितं हुबं करता. मी मान हालिवतो. पोरांनो, मी खोटी मान हालिवली. माज्याकडनं शिकायचं काय न्हाय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी जमिनीकडे बघत होते. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि लगेच लाजही वाटली, की हे ऐकायला आपण आलो आणि आपल्याला याची कल्पनाही नव्हती.

मग मागून धोंडिबा आबा उठले. त्यांनी म्हाताऱ्याबद्दल विचारलं नाही, देशाबद्दल विचारलं नाही.

"सोप्या, शेरडं कुनाच्या हवाली केली?"

"केली न्हाईत आबा."

"मग?"

"खाल्ली. आमीच. मी बी खाल्ली." मेजरनी माइकचा दांडा धरला होता. "सांजच्याला एक बाई आली हुती. लांब हुबी ऱ्हायली. तवर कायच उरलं न्हवतं. मग ती गेली."

आबा खाली बसले. गुरुजींनी कागद पाहिला आणि म्हणाले, "आता प्रमुख पाहुण्यांचे दोन शब्द." देशपांडे सर उठले. ते म्हणाले, "मी पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, पण आज मेजरांनी सांगितलं ते मला माहीत नव्हतं." आणि बसले. श्रीकांतने माझ्याकडे पाहिलं, जणू सरांना बरं नाहीये. त्यानंतर मुलांची कवायत झाली आणि जिलेबी वाटली गेली. लोक मेजरच्या जवळून जाताना जरा बाजूने जात होते.

आम्ही घरी येऊन सायकली बांधत होतो तेव्हा आबा काठी टेकत दारात आले. ते ओट्यावर बसले नाहीत.

"सोप्या, ठकूबाईची मेंढरं आजपास्नं तुज्याकडं."

"आबा, मला न्हाय जमायचं," मेजर म्हणाले. पदकं त्यांनी काढून खिडकीत ठेवली होती. "मेंढरं भवतीनं आली की मला..."

"जमतं का म्हनून इचारलं न्हाय. मेल्या मानसामागं जनावर बेवारस ठेवायचं न्हाय. ही आपली रीत. तू मोडलीस. आता चालीव."

"किती दिस?"

"रीत काय हाय? मेल्या मानसाचं पोरगं मोठं हुईस्तवर. त्या बाईला पोर हाय का न्हाय, ठावं न्हाय. किती मोठं, ठावं न्हाय." आबांनी घोंगडं खांद्यावर सारखं केलं. "तवा तू चालीवत ऱ्हा."

ते गेले. वहिनी दाराच्या चौकटीला धरून रडत होत्या. मेजरनी उठून पायताण घातलं.

गावाबाहेर पडल्यावर काढणी झालेल्या ज्वारीच्या रानात आम्हाला ते दिसले. मेंढरं पुढे गेली होती आणि मेजर बांधावर थांबले होते, हातात काठी, पाय हलत नव्हते. आम्ही सायकली थांबवल्या, मग हे बघत उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून परत चालवल्या. ते पुढे गेले की घरी परतले, हे आम्हाला त्या दिवशी कळलं नाही.

प्रवासाचा उरलेला भाग थोडक्यात सांगते. निमगाव केतकीला पानमळे आहेत. तिथली पानं घ्या, कोवळी असतात आणि ओल्या फडक्यात चार दिवस टिकतात. इंदापूरला स्टँडसमोर राहिलो. जेवण बरं, डास भरपूर. तिथे रात्री जेवताना सर श्रीकांतकडे बघून, मला वगळून, म्हणाले, "वडगावच्या सह्या परत करायला हव्यात." श्रीकांत म्हणाला, "हो." दिवाळीनंतरचं हे त्यांचं पहिलं संभाषण. मला एकदम काही काम उरलं नाही.

भिगवणला हायवेवर मासे ताजे मिळतात, उजनीच्या पाण्यातले. श्रीकांत म्हणाला, तळलेले घ्या, रस्सा तिखट असतो. सकाळी पाण्यावर रोहित पक्षी होते, शेकडो, चिखलात चोच घालून उभे. सरांनी चष्मा पुसून पुसून पाहिले. श्रीकांतने डफ काढला नाही, त्याबद्दल मी त्याचे मनात आभार मानले. भिगवण स्टेशनावरून पॅसेंजर गाडी पुण्याला जाते. ती वेळेवर येईल असं धरून चालू नका. सायकली ब्रेकव्हॅनमध्ये टाकता येतात.

पुण्याला येऊन सरांनी बाळासाहेबांना पत्र लिहिलं. खरं काय ते सांगितलं, सह्यांचे कागद परत पाठवले आणि लिहिलं की ज्यांना तरीही सही ठेवायची असेल त्यांनी पुन्हा करावी. महिनाभराने पाकीट आलं. त्यात चार सह्या होत्या. गटाच्या बैठकीत सरांनी त्या चार सह्या दोनदा वाचून दाखवल्या.

मग मे महिन्यात कारगिलची लढाई सुरू झाली आणि आमचा गट संपला. भांडण झालं नाही, लोक नुसते यायचे थांबले. सरांच्या शेजाऱ्यांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. माझ्या कॉलेजात चहाच्या वेळी एकाने मला सगळ्यांदेखत विचारलं, "तुम्ही त्या बॉम्बविरोधी टोळक्यात होता ना?" मी म्हटलं, "होते, आता नाही." सगळे हसले, मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

जुलैत मेजरचं आंतरदेशीय पत्र आलं. अक्षर मोठं, शाळेच्या मुलासारखं. ते असं होतं:

"ताईंस नमस्कार. तालुक्याच्या बाजूनं कारगिलची मिरवणूक आली. ट्रॅक्टर सजवला होता. मला बोलवायला आले, मेजर चला, भाषण करा, पोरांना जोश द्या. मी म्हणालो माझं भाषण ठरलेलं आहे, चालेल का. ते म्हणाले चालेल. मला ट्रॅक्टरवर उभं केलं. मी तेच सांगितलं जे झेंड्याला सांगितलं. मग मला खाली उतरवलं. दोघा-तिघांनी धक्के दिले, फार लागलं नाही. मी चालत घरी आलो. चालत आलो ते बरं झालं, मेंढरं सोडायच्या वेळेला पोचलो. पहिले आठ दिवस जड गेले, रोज वाटायचं पळून जावं. आता रोज मीच जातो, पाळी कुणाला देत नाही. मंडळी बरी आहे. सरांना नमस्कार सांगावा."

मी ते पत्र चार-पाच वेळा वाचलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात नेलं आणि चहाच्या वेळी, कुणी विचारलेलं नसताना, उभी राहून ते सगळ्यांना वाचून दाखवलं. त्याआधी निरवांगीत झेंड्याला काय झालं तेही सांगितलं, आबांच्या रीतीसकट. कुणी हसलं नाही, कुणी वादही घातला नाही. कपबशा उचलल्या गेल्या, घंटा झाली.

मला टोळकं म्हणालेले गृहस्थ दारापर्यंत गेले आणि परत आले.

"त्या बाईला मूल होतं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ते कुणालाच ठाऊक नाही.